दगडातले शिसे आणि हातातले शिसे



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर काही मंडळींनी चिटणीसांना विचारले म्हणे, की हे गृहस्थ बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणारे. दगडाच्या पृथक्करणाशी यांचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. मी भूशास्त्रज्ञ नाही, रसायनशास्त्रज्ञ नाही. महाविद्यालयाची पायरी मी मोर्चा घेऊन गेलो तेव्हाच काय ती चढलो. जे वाचले ते पाळी संपल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून.

परंतु गेली तीस वर्षे मी ज्या कामगारांत वावरतो त्यांतील पुष्कळांचा संबंध शिशाशी येतो. कोणी बॅटरीच्या कारखान्यात आहेत, कोणी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या भट्टीवर आहेत. या माणसांच्या रक्तात शिसे किती, आणि किती असणे 'स्वाभाविक', हा माझ्या कामातला नेहमीचा प्रश्न. त्याचा माग काढीत मी मागे मागे गेलो, तेव्हा ती वाट इस्पितळात न संपता दगड कुटून त्याची भुकटी करण्याच्या एका खोलीत जाऊन पोहोचली. ही खोली कशी असते, तिच्यात काय चालते आणि तिचा आपल्या रक्ताशी काय संबंध, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

आपल्या पायाखालचाच दगड घेऊ. महाराष्ट्राचा फार मोठा भाग ज्या काळ्या पाषाणाचा बनला आहे तो बेसॉल्ट, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेला आणि थरावर थर साचून थिजलेला लाव्हा. आपल्या देवळांच्या पायऱ्या, किल्ल्यांचे बुरूज आणि रस्त्याची खडी याच दगडाची. यात सिलिका, लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम ही मंडळी भरपूर असतात. पण त्यांच्याखेरीज कित्येक मूलद्रव्ये अगदी लेशमात्र असतात. त्यांना लेशमूलद्रव्ये म्हणतात.

लेश म्हणजे किती? दहा लक्ष भागांत एक भाग म्हणजे एका टनात एक ग्रॅम. अब्ज भागांत एक भाग म्हणजे हजार टनांत एक ग्रॅम. मालगाडीच्या एका डब्यात साठ टन माल मावतो असे धरले, तर असे सतरा डबे तांदळाने भरावेत आणि त्यात चिमूटभर साखर टाकावी. ती साखर शोधून, मोजून, "बरोबर एक ग्रॅम आहे" असे सांगावयाचे, असे हे काम आहे.

आता आपण म्हणाल, एवढ्याशा साखरेसाठी इतकी उठाठेव कशाला? कारण दगडाची कुळकथा त्या चिमटीत असते. पुण्यामुंबईच्या घाटांतले लाव्ह्याचे थर नुसत्या डोळ्यांना सारखेच काळे दिसतात. परंतु त्यांतील लेशमूलद्रव्ये आणि समस्थानिक मोजून भूशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ते वेगवेगळे ओळखले आणि त्यांना आपल्याच गावांची व घाटांची नावे दिली : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. यांतील बुशे थराचा लाव्हा वर येताना खालच्या जुन्या कवचाचा दगड बराच आपल्यात विरघळवून आला. आंबेनळीच्या लाव्ह्यात ही भेसळ फार कमी. म्हणजे पृथ्वीच्या पोटात सहासात कोटी वर्षांपूर्वी झालेली भेसळ आज आपण वाचू शकतो. मात्र एक अट आहे. निसर्गाने केलेली भेसळ वाचावयाची, तर आपल्या हातून होणारी भेसळ आधी थांबविली पाहिजे. नाहीतर आपण पृथ्वीचा इतिहास म्हणून जे वाचू ते आपल्याच हातोड्याचे चरित्र ठरावयाचे!

ही भेसळ पहिल्या घावापासून सुरू होते. खडकावर पोलादी हातोडा मारला की पोलादाचा किंचित अंश दगडाला लागतो, आणि पोलादाबरोबर क्रोमियम, निकेल, मँगनीज येतात. म्हणून प्रथम हवापाण्याने कुजलेली बाहेरची साल काढून टाकतात, आतला ताजा दगड घेतात, आणि करवतीच्या व हातोड्याच्या खुणा असलेले तुकडे वगळतात किंवा घासून धुतात. दगडावर रंगाने क्रमांक घालीत नाहीत, कारण रंगातही धातू असतात. क्रमांक पिशवीवर.

मग दगड भरडावयाचा. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. ती खरी, पण भात एकसारखा शिजलेला असेल तर! दगड तसा नसतो. कोठे पांढरे स्फटिक, कोठे काळे कण, कोठे पोकळीत भरलेली निराळीच खनिजे. दगडाचे शीत घेऊन भागत नाही. आधी पुरेसा मोठा तुकडा घ्यावा, तो सगळा भरडावा, ढीग करून त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत, दोन बाजूला काढावेत, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असे करीत करीत मूठभर जिन्नस उरतो तो साऱ्या दगडाचा खरा प्रतिनिधी. प्रतिनिधी निवडण्याची ही रीत मला फार आवडली. आमच्या काही निवडणुकांपेक्षा ती अधिक चोख आहे.

यानंतर दळण. आणि येथे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना जे ठाऊक होते तेच शास्त्रज्ञांनाही पाळावे लागते. जात्याला किंवा पाट्याला नवी टाकी लावली की पहिले दळण, पहिले वाटण खात नसत. कोंडा दळून टाकून देत, कारण त्यात दगडाची कचकच येते. प्रयोगशाळेतही ज्या दगडाची भुकटी करावयाची त्याचाच थोडा भाग आधी दळून फेकून देतात, म्हणजे भांड्याला चिकटलेला मागल्या दगडाचा अंश त्याबरोबर निघून जातो. दोन नमुन्यांच्या मध्ये शुद्ध गारेची वाळू दळून भांडे धुतात.

पण भांडे धुतले तरी भांडे स्वतः झिजतेच, आणि प्रत्येक भांडे आपला गुण दगडाला लावते. पोलादी भांडे लोह, क्रोमियम, मँगनीज देते. टंगस्टन कार्बाइडचे भांडे झटपट दळते, पण टंगस्टन व कोबाल्ट सोडते, आणि कधी टँटलम, निओबियमही. चिनी मातीच्या जातीचे ॲल्युमिनाचे भांडे ॲल्युमिनियम देते. बहुतेक कामांना सर्वांत बरे ठरते ते अकिकाचे भांडे, कारण अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका, आणि ती दगडात भरपूर असतेच. हा अकीक आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतही सापडतो. अकिकाने दळण्यास वेळ लागतो, तो सोसावा लागतो. चाळण पितळेची असली तर तांबे व जस्त येते, म्हणून नायलॉनची घ्यावी. सारांश, निर्दोष भांडे जगात नाही. आपल्याला काय मोजावयाचे आहे ते आधी ठरवून, त्याचा दोष ज्या भांड्यात नाही ते निवडावयाचे.

गव्हाच्या पिठाहून बारीक अशी ही भुकटी झाली की ती स्वच्छ खोलीत जाते. येथून पुढचा मोठा वैरी म्हणजे हवा. साध्या खोलीच्या एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे व त्याहून मोठे कण लाखांनी तरंगत असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चांगल्या स्वच्छ खोलीत त्याच एका घनफुटात असे कण शंभराहून कमी ठेवतात. त्यासाठी हवा एका दाट गाळणीतून आत सोडतात. ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी शेकडा ९९.९७ ती अडवते. खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवतात, म्हणजे दार उघडले तर हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही.

आत जाणाऱ्या माणसाने अंगरखा, टोपी, हातमोजे, निराळी पादत्राणे घालावयाची. पावडर, कुंकू, काजळ, अत्तर काही नको. अंगठ्या काढून ठेवावयाच्या. हा सोवळ्याचा थाट नव्हे. १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासह इटलीतील गुब्बिओ येथील मातीच्या एका पातळ थरात इरिडियम मोजले. नेहमीच्या सुमारे तीसपट, तरीही अब्ज भागांत अवघे नऊदहा भाग. तेवढ्यावरून त्यांनी अवकाशातून प्रचंड अशनी आदळल्याचा आणि डायनोसॉर नष्ट झाल्याचा सिद्धांत मांडला. प्लॅटिनमच्या दागिन्यात कठीणपणासाठी इरिडियम मिसळतात. तेव्हा एखाद्याच्या बोटातली लग्नाची अंगठी जराशी घासली गेली, तर पृथ्वीच्या इतिहासात नसलेला अशनी आपण आणून आदळवू!

आता दगड विरघळवावयाचा. सुमारे शंभर मिलिग्रॅम भुकटी, म्हणजे नखावर राहील एवढी, टेफ्लॉनच्या झाकणाच्या भांड्यात घेतात. काच चालत नाही, कारण दगडातील सिलिका फोडणारे हायड्रोफ्लुओरिक अम्ल काचही खाते. हे अम्ल नायट्रिक अम्लाबरोबर घालून भांडे तापत ठेवतात, एकदोन दिवसही लागतात. सिलिका वायुरूप होऊन उडून जाते, बाकीचे पुन्हा नायट्रिक अम्लात घेतात, आणि ते स्वच्छ पाणी शेवटी अणूंना वजनाप्रमाणे निवडून मोजणाऱ्या यंत्रात, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जाते. बाजारात मिळणारे 'शुद्ध' अम्लही येथे अशुद्ध ठरते. ते उकळू न देता नुसते तापवून, संथपणे वाफ करून, पुन्हा गाळून घेतात. उकळले की बुडबुड्यांबरोबर थेंब उडतात आणि घाण वर येते.

एक गोष्ट मी संघटनेचा माणूस म्हणून सांगितल्यावाचून पुढे जाणार नाही. हायड्रोफ्लुओरिक अम्ल अत्यंत घातक आहे. ते कातडीतून आत शिरते, शरीरातला कॅल्शियम बांधून टाकते, हाडापर्यंत जाते, आणि सौम्य असेल तर सुरुवातीला वेदनाही होत नाहीत. जेथे हे अम्ल आहे तेथे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी असलेच पाहिजे आणि एकट्या माणसाने काम करता कामा नये. शास्त्राच्या देवळातही पुजाऱ्याच्या जिवाची काळजी आधी.

आता या साऱ्या विधीचा गाभा सांगतो. कितीही काळजी घेतली तरी अम्लातून, भांड्यातून, हवेतून काही ना काही शिरणारच. मग काय करावयाचे? तर दगडांच्या नमुन्यांबरोबर एक भांडे रिकामे ठेवावयाचे. त्यात दगड नाही, बाकी सर्व तेच. तेच अम्ल, तेवढाच वेळ, तीच शेगडी, तोच हात. शेवटी यंत्राने त्या रिकाम्या भांड्यात जे दाखविले ते दगडाचे नव्हे, आपले. याला आपण कोरी चाचणी म्हणू. समजा, माझ्या शंभर मिलिग्रॅम बेसॉल्टात दहा लक्षांत दोन भाग शिसे आहे. म्हणजे २०० नॅनोग्रॅम झाले. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. कोऱ्या भांड्यातच जर १०० नॅनोग्रॅम शिसे निघाले, तर माझे उत्तर कवडीमोलाचे. चांगल्या प्रयोगशाळा शिशाची कोरी चाचणी पिकोग्रॅमच्या मापात, म्हणजे नॅनोग्रॅमच्या हजाराव्या भागांत ठेवतात.

आणि कोऱ्या भांड्याच्या जोडीला एक ओळखीचा दगडही ठेवतात, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे. याची गरज कशी पटली ते ऐका. अमेरिकेत दोन दगड, ऱ्होड आयलंडमधील वेस्टर्लीचा ग्रॅनाइट आणि व्हर्जिनियातील सेंटरव्हिलचा डायाबेस, बारीक दळून त्यांच्या पुड्या निरनिराळ्या प्रयोगशाळांना पाठविल्या. १९५१ मध्ये निकाल छापून आले, तेव्हा एकाच पुडीची उत्तरे एकमेकांशी जुळेनात! लेशमूलद्रव्ये तर सोडाच, भरपूर असलेल्या घटकांतही मतभेद. तेव्हापासून, तुझा आकडा खरा कशावरून, हे प्रत्येकाने ओळखीच्या दगडावर सिद्ध करून दाखवावे, हा शिरस्ता पडला.

श्रोतेहो, ज्या माणसामुळे मी या विषयाकडे आलो तो आता येतो. त्याचे नाव क्लेअर पॅटरसन. जन्म १९२२, अमेरिकेतील आयोवा राज्यात. १९४८ मध्ये शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राउन यांनी त्याला एक काम दिले. युरेनियमचे अणू कालांतराने फुटून शेवटी शिसे होतात, आणि हा वेग ठरलेला आहे. तेव्हा दगडातील झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांतले शिसे मोजावे, म्हणजे वय निघेल. सहकारी जॉर्ज टिल्टन युरेनियम मोजीत होता, त्याचे आकडे ठीक येत. पॅटरसनचे शिसे मात्र हिशेबापेक्षा कितीतरी जास्त निघे.

दुसरा कोणी असता तर त्याने सरासरी काढून आकडे छापले असते. पॅटरसनने शोध घेतला, हे शिसे येते कोठून? तेव्हा त्याला आढळले की ते सर्वत्र आहे. नळाच्या पाण्यात आहे, काचेच्या भांड्यात आहे, अम्लात आहे, भिंतीच्या रंगात आहे, डागाच्या जोडात आहे, धुळीत आहे, माणसाच्या केसांतदेखील आहे. १९५२ मध्ये तो कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे गेला आणि तेथे त्याने शिशाविरुद्ध बंदोबस्त केलेली प्रयोगशाळा उभी केली. शिशाचे नळ व जोड काढले, गाळलेली हवा दाबाने आत सोडली, भांडी अम्लात पुन्हा पुन्हा धुतली, अम्ले स्वतः शुद्ध केली, जमिनी पुसल्या. या खटपटीत वर्षे गेली. मग ॲरिझोनातील कॅन्यन डायाब्लो येथे पडलेल्या लोखंडी अशनीतील ट्रॉइलाइट नावाचे खनिज त्याने घेतले. त्यात युरेनियम जवळजवळ नाही, म्हणून त्यातले शिसे म्हणजे सृष्टीच्या आरंभीचे शिसे. ते त्याने वेगळे केले, १९५३ मध्ये अर्गोन येथील यंत्रावर मोजले, आणि १९५६ मध्ये इतर अशनींशी ताळा घालून पृथ्वीचे वय प्रसिद्ध केले : ४५५ कोटी वर्षे, सात कोटी इकडे किंवा तिकडे. हा आकडा आजही जवळजवळ तसाच टिकून आहे.

येथे कथा संपावी. परंतु पॅटरसनच्या मनात तो पहिला प्रश्न राहिलाच होता. माझ्या खोलीत एवढे शिसे आले कोठून? त्याने हीच स्वच्छतेची रीत खोलीबाहेर नेली. १९६३ मध्ये मित्सुनोबू तात्सुमोतोसह त्याने दाखविले की समुद्राच्या वरच्या पाण्यात खोल पाण्यापेक्षा शिसे अधिक आहे. ते वरून, हवेतून येत होते. १९६९ मध्ये त्याने व सहकाऱ्यांनी ग्रीनलंडच्या बर्फाचे आकडे छापले : सुमारे २८०० वर्षांपूर्वीच्या बर्फापेक्षा १९६० च्या दशकातील बर्फात शिसे दोनशेपट आणि अधिक. आणि त्यात मोठा वाटा मोटारींच्या पेट्रोलचा. इंजिन ठोके देऊ नये म्हणून १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळीत असत. ते बनविताना ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले आणि कित्येकांना इस्पितळात न्यावे लागले.

मग हे पेट्रोल चालू कसे राहिले? याचे उत्तर पुन्हा कोऱ्या भांड्यात आहे. या धंद्याचे वैद्यकीय सल्लागार डॉ. रॉबर्ट केहो यांचे म्हणणे असे, की शिसे माणसाच्या शरीरात निसर्गतःच असते, आणि रक्तात दर डेसिलिटरला ८० मायक्रोग्रॅमपर्यंत अपाय नाही. पुरावा काय? तर ज्यांचा शिशाच्या धंद्याशी संबंध नाही अशांच्या शरीरातही शिसे सापडते. १९३० च्या दशकात त्यांनी मेक्सिकोतील दूरच्या खेड्यातले शेतकरी तपासले, त्यांच्यातही शिसे होते. पण त्या शेतकऱ्यांची ताटे-भांडी शिशाची झिलई दिलेली होती! म्हणजे जे भांडे कोरे म्हणून धरले तेच बरबटलेले.

पॅटरसनने १९६५ मध्ये लिहिले की तुम्ही ज्याला स्वाभाविक म्हणता ते केवळ सर्वसाधारण आहे. सगळेच मळले म्हणून मळ हा अंगाचा वर्ण ठरत नाही. त्याच्या हिशेबाने अमेरिकन माणसाच्या अंगातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभरपट होते. पुढे प्राचीन पेरू देशातील हाडे स्वच्छ खोलीत मोजली, तेव्हाही जुन्या व आजच्या हाडांत शेकडो पटींचे अंतर निघाले. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सेनेटमध्ये सिनेटर मस्की यांच्या समितीपुढे केहो आणि पॅटरसन या दोघांच्याही साक्षी झाल्या. १९७१ मध्ये हवेतील शिशावर राष्ट्रीय समिती नेमली गेली तेव्हा पॅटरसनला तिच्यात घेतले नाही. जो स्वच्छ मोजू शकतो तोच बाहेर!

पण आकडे हटले नाहीत. अमेरिकेत १९७० च्या दशकात पेट्रोलमधील शिसे कमी होऊ लागले. १९७६ ते १९८० या काळात तेथील माणसाच्या रक्तात सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम शिसे होते, ते १९८८ ते १९९१ मध्ये २.८ वर आले. 'निसर्गतः' असलेले शिसे कायदा केल्यावर कसे हो निघून गेले? भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. २०२१ मध्ये अल्जीरियाने ते बंद केले आणि जगात मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल कोठेही उरले नाही. पॅटरसन डिसेंबर १९९५ मध्येच वारला होता.

पेट्रोल सुटले, पण भट्टी सुटलेली नाही. बॅटरी शिशाचीच आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात कळवावयाच्या रोगांची जी अनुसूची होती तिच्यात पहिलेच नाव शिसेविषबाधेचे होते. शिशाची निर्धोक अशी पातळी आढळलेली नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एका कारखान्यातली गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. तेथे कामगारांची रक्ततपासणी होई आणि दरवर्षी अहवाल येई, "सर्वसाधारण मर्यादेत". आम्ही मालकांपुढे आरडाओरडा केला नाही. तीन प्रश्न लिहून दिले. रक्त कोठे घेतले? नळी कोणती होती? कोरी चाचणी कोठे आहे? रक्त भट्टीखात्याच्या शेजारच्या खोलीत, पाळी चालू असताना, बोट टोचून घेतले होते. बाकी दोहोंना उत्तर नव्हते. पुष्कळ वाटाघाटींनंतर ठरले, की सुट्टीच्या दिवशी, कारखान्याबाहेर, हात साबणाने धुऊन, शिरेतून, धातूंसाठी तपासून घेतलेल्या नळीत रक्त घ्यावयाचे, आणि प्रत्येक तुकडीबरोबर कोरी नळी व ओळखीचे रक्त ठेवावयाचे.

निकाल आले तेव्हा काहींचे आकडे वर गेले आणि काहींचे खाली आले. खाली येणे साहजिक होते, कारण बोटाच्या कातडीवरची शिशाची धूळ पूर्वी रक्तात मोजली जात होती. काही सभासद माझ्यावर रागावले. म्हणाले, "साहेब, जास्त आकडा आपल्या फायद्याचा होता, तुम्ही तो घालवलात." मी त्यांना म्हणालो, "बोटावरची धूळ तुमच्या रक्तात धरून मी भांडलो असतो, तर उद्या त्यांनी ती धूळ दाखवून तुमचे खरे रक्तही खोटे ठरविले असते." ज्यांचे आकडे वर गेले त्यांना पगार न कापता भट्टीवरून हलविण्यात आले. तंटा झाला, पण आकड्यावर झाला नाही. आकडा कोणालाच नाकारता येत नव्हता.

मला स्वच्छ खोलीतून शिकावयास मिळाले ते हे. आपण सार्वजनिक आयुष्यात रोज आकडे ऐकतो. अमुक स्वाभाविक, तमुक मर्यादेत, एवढे तर सगळीकडेच असते. आपण विचारावे, तुमचे कोरे भांडे दाखवा. ज्याच्याशी तुलना केली तो माणूस स्वच्छ होता काय? आणि हाच प्रश्न आपल्या बाजूच्या आकड्यांनाही विचारावा, तेव्हाच तो विचारण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो.

शेवटी एकच. या खोल्यांचा निम्म्याहून अधिक वेळ भांडी धुण्यात जातो. टेफ्लॉनचे एक भांडे आधी साबणाने, मग नायट्रिक अम्लात, मग हायड्रोक्लोरिक अम्लात, मग शुद्ध पाण्यात, असे कित्येक दिवस धुतले जाते, तेव्हा ते एका दगडासाठी योग्य होते. शोधनिबंधावर धुणाऱ्याचे नाव सहसा नसते. परंतु त्याने एकदा आळस केला तर पृथ्वीचे वय चुकेल. घरात भांडी घासणाऱ्यांनी आणि कारखान्यात फरशी पुसणाऱ्यांनी ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.